कामाचा दगड

पुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून दगड शिकवणं मला कधीच जमलं नाही. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित असे तीन जडजंबाल शब्द पाठ करून घ्यायचे, वहीत आकृती काढायला लावायची आणि धडा संपला म्हणायचं. चिकलठाण्यातल्या आमच्या शाळेच्या आवारात कुठंही खड्डा घ्या, हातभर मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. गावातली जुनी घरं त्याची, विहिरी त्याच्या, वेरूळ-अजिंठ्याची लेणीही त्याचीच. असल्या मुलखातल्या पोरांना दगड चित्रात दाखवायचा म्हणजे कोकणातल्या पोराला फळ्यावर समुद्र काढून दाखवण्यातला प्रकार.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. लासूर स्टेशनला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, शेजारी लहानाची मोठी झाले. तिथं हळू बोललं तर कुणाला ऐकूच जात नसे. त्यामुळे आवाज मोठा आणि धीर कमी. मुलं मला घाबरतात असं त्यांचे आईबाप सांगतात. मुलांच्या वागण्यात मात्र तसं काही दिसत नाही.

तर मागच्या हिवाळ्यात पाचवीला दगडांचा पाठ आला तेव्हा मी वर्गात सांगितलं, उद्या प्रत्येकानं एक दगड आणायचा. पण वाटेत उचललेला चालणार नाही. आदल्या वर्षी आमची फजिती झाली होती. सगळा वर्ग जालना रोडच्या कामावरची एकाच ढिगातली खडी खिशात घालून आला होता. मग कशाची तुलना कशाशी करायची? म्हणून या वेळी अट घातली. घरात काही ना काही काम करणारा दगड हवा, मुठीत मावेल एवढा. आयतं बसून खाणारा दगड मी वर्गात घेणार नाही, असंही म्हणाले. मुलं हसली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, वर्गात कामकरी दगडांची जत्रा भरली. दार अडवायचा गोटा आला, लोणच्याच्या बरणीत फोडी दाबून ठेवणारा आला, विळा पाजळायचा आला, न्हाणीतला पाय घासायचा आला. एकानं चंदन उगाळायच्या सहाणेचा फुटका तुकडा आणला. फरशीचं काम करणाऱ्या मिस्तरींच्या मुलीनं शहाबादीचा तुकडा आणला आणि विचारलं, आमच्यात हा टेबलाच्या पायाखाली असतो, चालंल का? चालेल म्हटलं. टेबल डुगडुगू न देणं हेही कामच आहे. मी माझ्या पर्समधून गारगोटी काढली. फर्दापूरला लेण्यांच्या वाटेवर घासाघीस करून घेतलेली, आतून पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. तुमची काय काम करते, असं पोरांनी विचारलं तेव्हा माझी पंचाईत झाली. "तुम्हाला गप्प बसवते," म्हटलं, आणि ती खरोखरच थोडा वेळ गप्प बसली.

मग एकेकानं उभं राहून आपल्या दगडाचं काम सांगायचं होतं. दुसऱ्या बाकावर खिडकीशी एक मुलगी बसायची. बुजरी नव्हे, पण विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिचे आजोबा आठवड्यापूर्वीच वारले होते. मी त्यांना ओळखत होते, म्हणजे गेटच्या जाळीतून ओळखत होते. शाळा सुटायच्या कितीतरी आधी ते येऊन गेटबाहेरच्या गुलमोहराखाली बसत. पालकांनी गेटच्या आत यायचं नाही, असा आमच्या मुख्याध्यापकांचा नियम आहे. आत पाढे सुरू झाले की बाहेर आजोबांचे ओठ हलत. मी नमस्कार केला की ते धडपडत उठून उभे राहत आणि मलाच संकोच वाटे. त्या आठवड्यात ती जागा रिकामी दिसली की चुकल्यासारखं होत होतं.

मुलगी उभी राहिली. तिच्या हातात एक काळा दगड होता, अंड्याहून थोडा मोठा, एका बाजूनं गुळगुळीत.

"हा काय काम करतो?" मी विचारलं.

"थांबून ऱ्हातो," ती म्हणाली.

"अगं, सगळेच दगड थांबून राहतात. पळणारा कुणी पाहिलाय का? काम सांग."

ती जरा घुटमळली. "हा मुद्दाम थांबलाय," म्हणाली आणि खाली बसली.

वर्ग हसला, मीही हसले आणि पुढच्या मुलाकडं वळले. घरात कागद उडू नयेत म्हणून ठेवत असतील, असा मी आपला अर्थ लावला.

त्यानंतर दिवसभर आम्ही त्या दगडांना सुखानं बसू दिलं नाही. खिळ्यानं ओरखडून पाहिलं. शहाबादीवर पांढरी रेघ उठली, आणि काळ्या पाषाणावर खिळाच झिजून आपली राखाडी रेघ मागं ठेवून गेला. ओरखड्यांवर लिंबू पिळलं. शहाबादीच्या पांढऱ्या भुकटीतून बारीक बुडबुडे येऊन फसफसलं, तशी पोरं बघायला बाकांवर चढली. काळा पाषाण ढिम्म. मग बादलीत टाकून पाहिले. पाय घासायचा दगड पाण्यावर तरंगला, तेव्हा ज्याचा होता तो पोरगा शाळा सुटेपर्यंत मान ताठ करून फिरत होता. तोलून पाहिले, भिंगाखाली धरून पाहिले. काळ्या दगडाला बारीक भोकं असतात. पूर्वी कधीतरी लाव्हा थंड होत होता तेव्हा आतला वायू निसटला, त्याच्या त्या जागा, असं मी सांगितलं. "म्हंजे दगडानं श्वास सोडला," असं एक जण म्हणाला. त्याला शाबासकी दिली, कारण माझ्याकडं त्याहून सोपं उत्तर नव्हतं.

शेवटचा तास माझ्या आवडत्या खेळाचा. डोळ्यांवर रुमाल बांधायचा, आपला दगड हातात घेऊन बोटांनी नीट ओळखून घ्यायचा. मग सगळे दगड सतरंजीवर मिसळायचे आणि ज्यानं त्यानं आपला चाचपून शोधायचा. डोळे बांधले की वात्रट पोरंही एकदम शहाणी होतात. तरी बहुतेकांची फसगत झाली. लोणच्याचा दगड विळ्यावाल्यानं पळवला आणि दोघांची जुंपली. ती मुलगी मात्र बसली, दोनचार दगडांवरून हात फिरवला आणि आपला उचलून मोकळी झाली. पोरांनी कालवा केला, हिनं रुमालातून बघितलं. मग मी माझ्या स्कार्फनं तिचे डोळे स्वतः बांधले आणि दगड पुन्हा मिसळले. पुन्हा तोच.

"कसं ओळखलंस गं?"

"याला माझा अंगठा बसायला जागा हाय," ती म्हणाली.

शाळा सुटताना तिनं तो दगड घरी न्यायला मागितला. मी दिला नाही. कुणालाच दिला नाही. शनिवारी पहिल्या तासाला काही दगड फडक्यात गुंडाळून हातोडीनं फोडायचे होते, आतून कसे असतात ते बघायला. आणि घरी गेलेला दगड शाळेत परत येत नाही, हा माझा अनुभव. तुमचा फुटला तर दुसरा देईन, आवारात काय कमी आहेत, असं मी सगळ्यांना ऐकवलं. दगड घमेल्यात भरून वर्गाच्या कोपऱ्यात ठेवले. फोडायचे ते वरच्या थरात ठेवले होते. त्या मुलीच्या दगडात गारगोटीचा पांढरा ठिपका दिसत होता, आत पोकळी असणार असं मला वाटलं, म्हणून तो सगळ्यांत वर.

शनिवारी सकाळची शाळा असते. मी पोचले तेव्हा ती माझ्याआधीच येऊन वर्गाच्या दारात उभी होती. कोपऱ्यात घमेलं नव्हतं.

मी तशीच मुख्याध्यापकांकडं गेले. केंद्रप्रमुख भेटीला येणार अशी कुणकुण त्यांना लागली होती. तशी कुणकुण लागली की हे गृहस्थ आधी झाडू शोधतात आणि मग विचार करतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी सगळे वर्ग झाडून घेतले होते.

"मॅडम, वर्ग आहे का खाणपट्टा?" ते म्हणाले. "घमेलंभर दगड! मागं ओतायला सांगितले."

"मागं म्हणजे कुठं?"

मागं म्हणजे नव्या खोलीच्या जोत्यात भरायला आणलेल्या डबरावर. माणसाच्या उंचीचा ढीग, सगळा काळ्या दगडांचा, मुठीएवढ्यापासून डोक्याएवढ्यापर्यंत. दगड दगडांत टाकले तर काय बिघडलं, असं त्यांनी मला विचारलं. मी जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

मधल्या सुट्टीत सगळा वर्ग ढिगावर सोडला. शहाबादी लगेच सापडली, सहाण सापडली, पाय घासायचाही सापडला. वेगळे होते ते चटकन दिसले. दार अडवायचा गोटा घरंगळून खाली आला होता. बाकीच्या पोरांनी ढिगातलाच एकेक काळा उचलला आणि हाच माझा म्हणून खुशाल निघून गेली. ती मुलगी तेवढी राहिली. एक उचलायची, अंगठा लावायची, ठेवून द्यायची. डोळ्यांतून नुसतं पाणी.

माझा धीर सुटला. "अगं, यातलाच एक घे की. हा बघ, तसलाच आहे. दगड म्हणजे दगड."

"तो आजोबा नाय," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जीवखडा. माणूस गेल्यावर मसणात पाण्याचं मडकं ज्या दगडानं फोडतात तो दगड घरी आणतात, दहा दिवस जपतात. गेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्यात थांबतो असं मानतात. रोज त्याच्यावर तिळाचं पाणी घालतात आणि दहाव्याला पिंडदान झालं की नदीत सोडतात; इकडं गोदावरीत, जिला सगळे गंगाच म्हणतात. आमच्याकडंही असंच करतात. माझ्या वडिलांच्या वेळीही केलं होतं. पण मी बाईमाणूस, मला तो दगड कुणी हातात दिला नव्हता, आणि मी मागितलाही नव्हता.

तिनं तुटक तुटक सांगितलं. अंगणात निंबाच्या बेचक्यात पांढऱ्या फडक्यात बांधून ठेवला होता. शुक्रवारी सकाळी बापानं पाणी घातलं आणि तो कामाला गेला, तेव्हा हिनं दगड काढून दप्तरात ठेवला. फडकं रिकामं लोंबकळू नये म्हणून त्यात दुसरा बांधला. आज सकाळी बापानं त्या दुसऱ्यालाच तिळाचं पाणी घातलं. घरात कुणाला पत्ता नाही.

"उद्या दहावं हाय. कायगावला गंगेवर जायाचंय. त्यो दुसराच दगड सोडतील," ती म्हणाली. "आजोबा हितंच ऱ्हातील."

या आजोबांना मी खिळ्यानं ओरखडलं होतं. त्यांच्यावर लिंबू पिळलं होतं. बादलीत बुडवलं होतं, काट्यावर तोललं होतं. आणि आज पहिल्या तासाला मी हातोडी घेणार होते. ज्या मुख्याध्यापकांना सकाळी मी नाही नाही ते बोलले, त्यांच्या झाडूनं त्या दगडाचे तुकडे व्हायचे वाचवले होते. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

शाळा सुटल्यावर मी शेजारच्या वर्गाच्या मॅडमना मागं घेऊन आले. ही माझी जुनी मैत्रीण, घरी दखनी बोलते, वर्गात मराठी, आणि घाईत दोन्ही. तिला सगळं सांगितलं. एका बाजूला नेऊन मनातलंही सांगितलं, की फडक्यात दगड आहेच, उद्या तो नदीत जाईल, कोण ओळखणार आहे? पोरीची समजूत काढू आणि मोकळ्या होऊ.

"घरच्यांना नाही कळणार गं," ती म्हणाली. "पण हिला तर ठाऊक आहे ना. म्हातारी होईपर्यंत ठाऊक राहील, की आजोबांना आपण डबरात टाकून आलो."

मग ती ओढणी कमरेला खोचून मुलीपाशी जाऊन बसली. "रोती क्यूं गं? ढूंडते ना आपण. ऊठ."

आम्ही ढीग उपसायला लागलो. मैत्रीण आणि मी दगड द्यायचो, मुलगी अंगठा लावायची, नाही म्हणायची, आणि तो दगड पलीकडं जायचा. ऊन चढलं. माझी नखं तुटली. सगळे सारखेच दिसायला लागले, पांढरे ठिपके तर दर दोन दगडांआड. मुलगी आता अंगठा लावल्यावरही पुन्हा पुन्हा बघत होती, तिचीच खात्री सुटत चालली होती. ते बघून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. दगड सापडणार नाही याची नव्हे, तर कंटाळून ही भलताच दगड हाच म्हणेल आणि आतून जन्मभर झुरत बसेल याची.

तेवढ्यात किल्ल्या वाजवत मुख्याध्यापक आले. "मॅडम, कुलूप लावायचंय."

मी त्यांना काय चाललंय ते दोन वाक्यांत सांगितलं. आता नियम काढतील, वर मलाच सुनावतील, म्हणून भांडायच्या तयारीत होते. पण त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या, बाह्या सारल्या आणि खाली बसून दगड उचलायला लागले.

मुलगी थांबली. "मॅडम," ती म्हणाली, "रुमाल बांधा."

मी स्कार्फ काढून तिचे डोळे बांधले. मघापासून ती एकेक दगड हातात घेऊन बघत होती, आता ती ढिगावर हात पसरून रांगायला लागली, पोळपाटावर पीठ सारखं करावं तसे तळवे फिरवत. आम्ही तिघं मोठी माणसं मुकाट्यानं बाजूला उभी. ढिगाच्या पलीकडच्या उतारावर, जिथं आम्ही शोधलंच नव्हतं, तिथं तिचा हात गेला, पुढं सरकला आणि परत मागं आला. तिनं दगड उचलला. अंगठा बसला. तिनं रुमालही सोडला नाही, दोन्ही हातांनी दगड पोटाशी धरून तशीच बसून राहिली.

मी पर्समधलं भिंग काढलं. तिला दुखवायचं नव्हतं, पण माझ्या जिवाला स्वस्थता हवी होती. पांढरा ठिपका होता. त्याच्या शेजारी एक भोक, आणि त्या भोकात रुतून बसलेला एक काळा तीळ. इतकं धुतलं, घासलं, बुडवलं, तरी निघाला नव्हता. त्या सबंध ढिगात तिळाचं पाणी मिळालेला दगड एकच होता.

"हाच," मी म्हणाले आणि तिथंच डबरावर बसकण मारली. इतकं हायसं मला माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही वाटलं नव्हतं. मैत्रिणीनं आकाशाकडं बघून "शुकर है" म्हटलं. मुख्याध्यापकांनी भिंग मागून घेतलं, तो तीळ बराच वेळ पाहिला, मग घसा खाकरून म्हणाले, "चला, कुलूप लावू."

मैत्रिणीच्या स्कूटीवर आम्ही तिघी निघालो. ठरवलेलं असं, की सुतकात भेटायला आलो म्हणायचं. तेव्हा कशाला आलात असं कुणी विचारत नाही. आम्ही बायकांत बसायचं, बोलण्यात गुंतवायचं आणि तेवढ्यात मुलीनं निंबापाशी जाऊन दगड बदलायचा.

अंगणात पाहुणे होते. तिचा बाप फोनवर उद्याच्या गाडीचं ठरवत होता. आजी ओट्याला टेकून बसलेली, लहानखुरी, कोरड्या डोळ्यांची. मी तिच्याजवळ बसले. तीच बोलत होती.

"मास्तरीणबाई, उद्याचा घोर लागलाय बघा. कावळा शिवतो का नाय. काय मागितलं असतं तर तेवढं तोंडानं कबूल केलं असतं, देऊ म्हणून. पण त्या माणसानं जन्मात काय मागितलंच नाय. शेत कारखान्यात गेलं तरी बोलला नाय. कशात जीव अडकला असंल, आता कुणाला इचारावं?"

दहाव्याच्या पिंडाला कावळा लवकर शिवला नाही की माणसाची काही इच्छा राहिली म्हणतात, आणि मग घरचे हात जोडून एकेक वचन देत बसतात. उद्या काय वचन द्यायचं तेच या घरात कुणाला माहीत नव्हतं. मी नुसती मान हलवत होते. मैत्रीण शेजारच्या बायकांना कायगावची वाट आता कशी झालीय ते विचारत होती, जशी काही तिलाच गाडी चालवायची होती.

आजीची नजर मात्र निंबाकडंच होती. "काय करती गं तिथं?" ती म्हणाली.

मुलगी निंबाखाली उभी होती. खांद्यावर पांढरं फडकं आणि दोन हातांत दोन दगड.

मी उठायला गेले. मैत्रिणीनं माझं मनगट धरलं. सगळं अंगण गप्प होणार, बाप फोन ठेवणार, पोरीला मार बसणार, हे मला डोळ्यांपुढं दिसत होतं. मुलगी आजीजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजोबाला शाळा दाखवाया नेलं व्हतं. काल. गेटातून आत."

आजीनं तिला जवळ ओढून खाली बसवलं आणि तितक्याच हळू विचारलं, "काय काय दाखवलंस?"

"माझा बाक. फळा. हात धुवायचा नळ. पाढे चालले व्हते तवा दप्तरातनं बाहेर काढून ठेवलं." मग माझ्याकडं बघून तिनं तेही सांगून टाकलं. "मॅडमनी लिंबू पिळलं त्याच्यावर."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"लिंबू? कशापाई?" आजीनं मला विचारलं.

"फसफसतो का ते बघायला," मी पुटपुटले.

"फसफसला का?"

"नाही."

"नायच फसफसायचा," आजी म्हणाली. "चाळीस वर्सं मी काय कमी लिंबं पिळली नायत. कधी उलटून बोलला नाय."

आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, अंग हलेपर्यंत हसली, आणि त्यातच तिचे डोळे वाहायला लागले. पाहुण्यांना वाटलं म्हातारीला उमाळा आला. ते मान खाली घालून बसले. मीही रडत होते, का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

जरा वेळानं ती म्हणाली, "पोर असताना मामानं शाळंच्या दारातनं माघारी आणला व्हता त्याला, गुरं राखाया. एकदाच सांगितलं व्हतं मला. मी म्हणायची, पोरीला आणाया एवढं लवकर कशाला जाता, उन्हात बसून काय मिळतं तुमाला?" तिनं मुलीच्या हातातला जीवखडा घेतला, उलटासुलटा केला आणि अंगठा टेकवला. तिचा अंगठाही त्याच खळग्यात बसला. मग तिनं स्वतःच्या हातानं तो फडक्यात बांधला. "पोराला यातलं काय सांगू नका," ती मला म्हणाली. "त्याचं डोकं आधीच फिरलंय." दुसरा दगड तिनं माझ्या हातावर ठेवला. "ह्यो तुमी घेऊन जा. सकाळी फुकटचं पाणी प्यालाय."

तो माझ्या टेबलावर अजून आहे. त्याच्याखाली हजेरीपट ठेवते, म्हणजे आता तोही कामाला लागलाय.

रविवारचा दिवस माझा घरात धड गेला नाही. चहा दोनदा उतू गेला. मी असल्या गोष्टी मानते का, असं कुणी विचारलं तर मी नेहमी नाही म्हणते, आणि ते खरंही आहे. पण त्या दिवशी मी गॅलरीत येऊन कावळे बघत होते.

सोमवारी ती शाळेत आली. प्रार्थनेआधीच माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी, आज तिनंच सुरुवात केली.

"मॅडम, पान ठेवलं न ठेवलं तोच कावळा शिवला. बाबा हात जोडून बोलायला लागले व्हते, त्यांचं बोलणं तोंडातच ऱ्हायलं. भटजी म्हणले, एवढ्या लवकर शिवलेला लई कमी बघितलाय."

"आणि आजी? आजी काय म्हणाल्या?"

"आजी म्हणली, शिवणारच. शाळा बघून आला व्हता ना तो."